वीस परस

१९९८ च्या फेब्रुवारीत मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्याचं कारण माझ्याजवळ होतं, आणि ते सहा दशांश स्थळांपर्यंत अचूक होतं.

पत्र वहीच्या कागदावर होतं. अक्षर गोल, ओळी सरळ.

"साहेबांना नमस्कार. मी मंगेशची बहीण प्रमिला. सातवी पास आहे. मंगेश तुमच्या कारखान्यात फिटर आहे. तो सांगतो की नळीतून किती पाणी जाईल, किती गॅस जाईल, हे तुम्ही नळी न लावताच कॉम्प्युटरमध्ये बघता. आमच्या पाड्याच्या समोरच्या डोंगरावर झरा आहे. तो मे महिन्यातही आटत नाही. मधे ओहळ आहे. झऱ्यापासून ओहळापर्यंत उतार वीस परस. ओहळापासून पाड्यापर्यंत चढ अठ्ठ्याहत्तर हात. उतार गड्यांनी मोजला, चढ बायांनी मोजला. नळी तीनशे वाव लागेल, एक इंची. एक संस्था नळी फुकट देते, पण पाणी चढेल असं जाणत्या माणसाने लिहून द्यावं म्हणते. माझे वडील म्हणतात, पाणी उतरतं, चढत नाही. मी म्हणते, चढेल. आमची पैज नाही, पण पाड्यात दोन बाजू झाल्या आहेत. तुम्ही बघून लिहा. चढेल तर चढेल लिहा, नाहीतर नाही लिहा. होळीनंतर ओहळ आटतो. मग आम्ही झऱ्यावर जातो, म्हणजे एक डोंगर उतरायचा आणि एक चढायचा, आणि येताना तेच हंडा घेऊन. उत्तराची वाट बघते."

खाली पत्ता होता. टेपाचा पाडा, पोस्ट डोळखांब, तालुका शहापूर.

मी जाणता माणूस नव्हतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे इंजिनियर सांगतील त्या रेघा मारायच्या. सापगावहून येऊन-जाऊन करणं जमत नव्हतं म्हणून आठवडाभर मुरबाडला खोली, शनिवारी घरी. कारखान्यात रंग वाळवायच्या भट्ट्या होत्या, त्यांना गॅसच्या नळ्या होत्या, कॉम्प्रेसरच्या हवेच्या होत्या, पाण्याच्या तर सगळीकडेच. कुठली नळी किती जाड लागेल हे पूर्वी इंजिनियर तक्त्यावर पट्टी ठेवून ठरवायचे आणि एकमेकांशी भांडायचे. १९९६ मध्ये एक सॉफ्टवेअर आलं. तीन फ्लॉपीत मावायचं. नळीची लांबी टाका, आतला व्यास टाका, सुरुवातीची उंची, शेवटची उंची, आत काय वाहतंय ते निवडा, की खालच्या चौकटीत उत्तर. इंग्रजीतली मदतीची पानं कुणीच वाचेना. वाचायचं काम असल्यामुळे ते माझ्याकडे आलं.

मला ते फार आवडलं. ते मला कधीच "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत नसे. मला काही वाटतं का, हेच मला आयुष्यात नीट कळलेलं नाही. इथे चौकटी भरायच्या आणि उत्तर वाचून दाखवायचं. माझ्या तोंडून निघालेलं "दीड इंची" कुणी ऐकून घेत नसे, पण "चाळीस पूर्णांक दोन शून्य सहा एक मिलिमीटर" म्हटलं की खोली गप्प होई. मंगेशने ती शांतता बघितली असणार, आणि तीच त्याने घरी जाऊन सांगितली असणार.

प्रमिलाचं पत्र मी दुपारच्या सुट्टीत सोडवायला घेतलं. हात म्हणजे दीड फूट, हे सगळ्यांनाच माहीत. वाव म्हणजे चार हात, सहा फूट. परस विहिरीच्या खोलीसाठी वापरतात, हे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण त्याचे फूट किती, हे कधी विचारलं नव्हतं. विचारायला माझी ना नव्हती, पण विचारायचं म्हणजे माहीत नाही हे सांगायचं. घरी माझ्या आजोबांचं एक जुनं अंकगणिताचं पुस्तक होतं. शनिवारी त्यात बघितलं. लिहिलं होतं, परस म्हणजे पुरुष, माणसाची उंची, साडेतीन हात. साडेतीन हात म्हणजे सव्वापाच फूट. वीस परस म्हणजे एकशे पाच फूट.

चढ अठ्ठ्याहत्तर हात, म्हणजे एकशे सतरा फूट.

सोमवारी मी आकडे मीटरमध्ये करून चौकटीत भरले. एक इंची नळी, आत पाणी, लांबी अठराशे फूट. सॉफ्टवेअरने उत्तर दिलं : मिनिटाला उणे ९.६१३२०७ लिटर.

उणे. झरा पाड्यापेक्षा बारा फूट खाली होता. सॉफ्टवेअरच्या मते पाणी वाहणार होतं, पण पाड्यातून झऱ्याकडे. पाड्यात पाणी नव्हतं, ही गोष्ट सांगायला त्यात चौकट नव्हती.

मी आकडे चार वेळा भरले. चारही वेळा पाड्याने झऱ्याला तेवढंच पाणी दिलं.

"नाही" एवढंच लिहायचं होतं. तिने तशी सोयही करून दिली होती. मी पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं. पत्ता लिहिला. मग मायना. ती लग्न झालेली आहे की नाही, हे पत्रावरून कळत नव्हतं. सौ. लिहावं की कु.? चुकीचं लिहिलं तर वाईट दिसेल. मंगेशला विचारलं असतं, पण साहेब बहिणीच्या लग्नाची चौकशी का करतात, असं त्याला वाटलं असतं. तेवढ्यावर तो दिवस गेला. खरं सांगायचं तर मायना ही सबब होती. पाड्यातल्या बायांनी काठी घेऊन अख्खा चढ मोजला, आणि त्यांना "नाही" कळवायचं ते मी, ज्याला घरी चहात साखर कमी आहे हे सांगायला दोन घोट जातात.

मंगेश आठवड्याने भेटला.

"साहेब, बहिणीचं पत्र मिळालं ना?"

"बघतोय."

पंधरा दिवसांनी पुन्हा.

"बघतोय, मंगेश."

"बघा बघा. म्हातारा तिला रोज चिडवतो. सांगतो, तुझ्या साहेबाचं उत्तर पन चढ चढत असंल, दमलं असंल."

पुढे त्याने विचारणं सोडलं. ज्या जिन्याने तो यायचा, तो जिना मीही सोडला. २००१ मध्ये कारखाना बंद झाला आणि आम्हा दोघांचीही सोय झाली. मी सापगावला घरी आलो. आंतरदेशीय पत्र अंकगणिताच्या पुस्तकात ठेवलं होतं, तेही आलं.

२००४ च्या फेब्रुवारीत आमच्या परसातल्या विहिरीतला गाळ काढायचा होता. राघो नावाचा माणूस आला. सापगावातल्या निम्म्या विहिरींत तो उतरलेला आहे. काठावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, "सात परस हाय. त्या हिशेबानं दोर आना, काका."

ह्या वेळी मला माहीत होतं. सात सव्वापाच पावणेसदतीस. शहापूरच्या बाजारातून चाळीस फूट दोर आणला. वर तीन फूट जास्तच, म्हणून मनात जरा बरंही वाटलं. राघोने बादली सोडली. दोर संपला आणि बादली हवेत थांबली. तळ अजून बराच खाली होता.

राघोने दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती फूट आनलात?"

"चाळीस. सात परस म्हणजे सदतीसच होतात."

"कुनाचे?"

"माणसाची उंची साडेतीन हात. पुस्तकात आहे."

राघो गुडघ्यावरची माती झटकून उठला, सरळ उभा राहिला आणि उजवा हात कानाला लावून वर ताणला.

"हा परस. बोटाच्या टोकापर्यंत. विहिरीचं माप हाय ना, काका? बुडनारा मानूस हात खाली ठेवतो काय?"

ओट्यावर माझी बायको सकु तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ह्यांच्या पुस्तकातला मानूस खिशात हात घालून बुडतो," ती म्हणाली.

राघो इतका हसला की त्याला काठावर बसावं लागलं. मीही हसलो असतो, पण हात वर केलेला माणूस सात फूट धरून मी वीस गुणिले सात करत होतो. एकशे चाळीस. एकशे चाळीस वजा एकशे सतरा. तेवीस. झरा पाड्यापेक्षा बारा फूट खाली नव्हता. तेवीस फूट वर होता.

"अवो, उभे काय ऱ्हायलात? दोर आना जावा," सकु म्हणाली.

मी दोर आणायला शहापूरला गेलो तो तीन तास आलोच नाही.

बाजारपेठेत भूमिका नावाच्या एका मुलीने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, तिथे तासाच्या हिशेबाने इंटरनेटही मिळे. मी दाराबाहेरच्या पाटीवरचं सगळं वाचून झाल्यावर आत गेलो. कारखान्यातलं सॉफ्टवेअर मी फ्लॉपीवरून उतरवून घेतलेलं नव्हतं, आणि घेतलं असतं तरी तिच्याकडे फ्लॉपीची फट असलेलं मशीनच नव्हतं. ती म्हणाली, असलं सगळं आता नेटवर असतं. तिने शोधूनही दिलं. एका पानावर चौकटी होत्या, त्याच त्या. लांबी, व्यास, दोन उंच्या. जुना शेजारी अचानक भेटावा तसं मला झालं.

आकडे भरून बटण दाबलं. उत्तर इतकं मोठं आलं की पाड्यातली घरं वाहून गेली असती.

"काका, तुम्ही गॅस सिलेक्ट केलाय," भूमिका मागून म्हणाली. "तुमचा गोबरगॅस आहे का?"

"नाही. झरा आहे."

तिने ते वॉटर करून दिलं. मिनिटाला १३.५८७४४१ लिटर. उणे नाही. साधारण मिनिटाला एक हंडा, काठोकाठ नाही, पण हंडा काठोकाठ भरून कुणी चढत नाही.

मी दोन उंच्या पुसून पुन्हा भरल्या. तेच. परस सव्वापाचचा करून भरला. उणे ९.६ आलं. सहा वर्षांपूर्वीही सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं, आजही चुकलं नाही. दोन्ही वेळा मी सांगितलेला माणूस त्याने मुकाट्याने मान्य केला होता. एकदा हात खाली, एकदा हात वर.

"प्रिंट काढू?" भूमिकाने विचारलं.

"नको," मी म्हणालो, आणि मग "काढा" म्हणालो.

घरी आलो तेव्हा दोर विसरलो होतो. सकुने फक्त माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. राघो बोलला, ते इथे लिहीत नाही.

आता उत्तर लिहायचं, तर नवी शंका आली. राघोचा परस सापगावचा. डोळखांबकडचे लोक परस हात वर करूनच धरतात, हे कशावरून? एकदा पुस्तकावर विश्वास ठेवून सहा वर्षं घालवली होती, आता विहिरवाल्यावर ठेवून नळी पुरून घ्यायची आणि पाणी नाही आलं, तर? शिवाय नळी अजून मिळते का? पाड्याला आता दुसरं पाणी आलं असेल तर माझं पत्र म्हणजे विनोदच. चार दिवस मी ह्याच घोळात होतो. पाचव्या दिवशी सकु म्हणाली, "तुमाला काय झालंय ते सांगा, नायतर डाक्टरकडं चला." मी पत्र दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. अंकगणिताच्या पुस्तकातून कोरं आंतरदेशीयही निघालं.

"सा वर्सं?" ती म्हणाली. मग पत्राची घडी घालून पुस्तकात ठेवली. शेवटी म्हणाली, "तो मंगेश शहापूरला स्टँडासमोर पंपांच्या दुकानात हाय. मी भाजीला जाते तेवा बघते. तुमाला नाय दिसला कधी?"

दिसला होता. त्या बाजूच्या फुटपाथने मी जात नसे.

दुसऱ्या दिवशी गेलो. खिशात मोजपट्टी होती. मंगेश दुकानाबाहेर एका मोटारीचा पंखा खोलत होता. केस पांढरे झाले होते, माझ्याहून जास्त.

"साहेब!" तो उठला. "आज वाट चुकलात?"

"प्रमिलाताईंचं पत्र," मी म्हणालो. "बघितलं."

त्याने पाना खाली ठेवला. त्याला हसू येत होतं की राग, मला ओळखता आलं नाही. मला ते कधीच ओळखता येत नाही.

"बघितलंत? काय घाई होती?"

मी परसाचं सांगितलं. पुस्तक, राघो, सगळं. तो ऐकत होता.

"म्हनजे पानी चढतंय."

"परस हात वर करून असेल तर चढतं."

"मग कसा असंल? खाली हात करून माप घेतो तो खुळा." एवढं बोलून तो थांबला. माझ्याकडे बघून पुढचं बोलला नाही, हे त्याचे उपकार. "तुमचं उत्तर नाय आलं. आमी धरून चाललो, साहेब बोलत नाय म्हनजे पानी चढत नाय, वाईट सांगायला लाजतोय मानूस. संस्थेनं नळी दुसऱ्या पाड्याला दिली. म्हातारा, आमचा म्हादू, जिंकला. पन जिंकून पन खूश नाय, सांगतो, चढलं असतं तर माझे गुडघे सुटले असते."

"आणि आता? पाणी आलं का कुठून?"

"कुठून येतंय! होळी झाली की परत झरा. परमिलाचं लगीन झालं, पाड्यातच दिली. आमाला बरं वाटलं, लांब गेली नाय. तिला काय, झरा तोच, हंडा तोच, फकत घर बदललं." त्याने हात पुसले. "पन आलात ते टायमावर आलात. संस्थेवाले परत फिरतायत. या वर्सी तीनच पाड्यांना नळी हाय. शिमग्याच्या आत ज्याची चिठ्ठी, त्याला नळी. पाड्यात कोन लिहून देनार?"

शिमग्याला तेरा दिवस होते. मी खिशातून मोजपट्टी काढली.

"मंगेश, जरा सरळ उभे राहा. हात वर करा. तुमच्याकडे करतात तसा."

"इथं?"

"इथंच."

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याने हात वर केला. मी पट्टीचं टोक त्याच्या चपलेखाली दिलं.

"चप्पल काढा. टाच उचलू नका."

त्याच वेळी स्टँडातून मुरबाडची एसटी निघाली होती. ड्रायव्हरने हात बघून गाडी थांबवली. कंडक्टरने दार उघडलं.

"चला, चला. कुठं?"

"कुठं नाय," मंगेश हात वर ठेवूनच म्हणाला.

"मग हात कशाला केलास?"

"परस दाखवतोय."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी पट्टीकडे बघत राहिलो. घंटा दोनदा वाजली, जरा जोरातच, आणि गाडी गेली. सात फूट दोन इंच. मी तो आकडा हातावर लिहिला.

"तेव्हा उतार कुणी मोजला होता? तुम्ही?"

"बापानं. माज्याहून दोन बोटं ठेंगना."

म्हणजे सात. तेवीस फूट पक्के. शिवाय चढ बायांच्या हाताने मोजलेला, बायांचा हात इंचभर आखूडच भरतो, म्हणजे खरा चढ अठ्ठ्याहत्तर हातांहून थोडा कमीच. तेही पाण्याच्याच बाजूने. मला शंका घ्यायला आता फारशी जागा उरली नव्हती. त्याची सवय नसल्यामुळे मला थोडं गरगरलं.

"उद्या चिठ्ठी लिहून तुमच्याकडे देतो," मी म्हणालो. "तुम्ही रविवारी जाल तेव्हा..."

"माज्या हातात नको." मंगेशने चप्पल पायात घातली. "तिनं पोष्टानं धाडलं होतं, तुमी पोष्टानं धाडा. पहिलं वर्सभर ती पोष्टमनला सायकलवरून उतरवून विचारायची. आता विचारत नाय. आता तो लांबूनच मान हलवून जातो. त्याला एकदा उतरू द्या सायकलवरून."

रात्रीचं मला दिसत नाही, म्हणून उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. जुनंच आंतरदेशीय घेतलं. पत्त्यावरचं माहेरचं आडनाव खोडून मंगेशने सांगितलेलं घातलं. मायन्याची अडचण आता नव्हती, तरी मी सौ. लिहिलं नाही.

"प्रमिलाताईंना नमस्कार. तुमचं १४ फेब्रुवारी १९९८ चं पत्र मिळालं. पाणी चढेल. एक इंची नळीतून मिनिटाला साडेतेरा लिटर पाड्यात येईल. ओहळाच्या तळाशी नळीत दाब सगळ्यांत जास्त असेल, तिथे पातळ नळी फुटेल, जाड घ्यावी. झऱ्यापाशी नळीच्या तोंडाला जाळी बसवावी. हे पत्र संस्थेला दाखवायला हरकत नाही. तुमची मापं बरोबर होती, गड्यांची आणि बायांचीही. माझा परस चुकला. मी तो माणसाच्या डोक्यापर्यंत धरला होता. उत्तराला उशीर झाला तो पत्र हरवलं म्हणून नाही. पाणी चढणार नाही असं माझं उत्तर आलं होतं आणि ते लिहायचा मला धीर झाला नाही. लिहिलं असतं, तर तुम्ही लगेच विचारलं असतं की परस किती धरलात, आणि चूक त्याच आठवड्यात सापडली असती. हे मला परवा कळलं. तुमच्या वडिलांना सांगावं की पाणी आपणहून चढत नाही हे त्यांचं म्हणणंही खरं आहे. झरा पाड्यापेक्षा तेवीस फूट उंच आहे म्हणून ते ढकललं जातं."

खाली सही केली. सहीच्या खाली "जाणता माणूस" असं काहीतरी संस्थेला लागेल, असं वाटलं. काय लिहावं सुचेना. शेवटी "निवृत्त ड्राफ्ट्समन" लिहिलं. भूमिकाने काढून दिलेला कागद आत घालता आला असता, पण आंतरदेशीयात काही घालायची परवानगी नसते, तसं त्यावर छापलेलं आहे. म्हणून आकडे पुन्हा हाताने लिहिले.

सकुला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मापं बरोबर होती हे वर घ्या. आधी ते वाचू दे तिला."

जागा नव्हती. मी ते वाक्य पुन्हा एकदा, अगदी वर, समासात लिहिलं.

शहापूरच्या पोस्टात खिडकीवरच्या माणसाने पत्र उलटसुलट केलं. "काका, हे आंतरदेशीय किती जुनं? दर वाढलेत. ह्यावर वरची तिकिटं लावावी लागतील."

लावली. तीन तिकिटं लागली. चौथं मी उगाच लावलं.

"एक जास्त झालं," तो म्हणाला.

"असू द्या."

बाहेर येऊन पेटीत टाकलं. पेटी नुकतीच उघडून रिकामी केली असावी. पत्र तळाला लागल्याचा आवाज आला.